शब्दांची विचारपूस : खुंटा, दोरा आणि पुरण

या महिन्याच्या टपालात पाच पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरणारी निघाली : जोडणं, भर घालणं, वाढवणं यांसाठी इंग्रजीत असलेले नाना शब्द. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले आणि ही पाचच घेतली.

प्रश्न : ताई, मी इंदूरच्या विजयनगरमधल्या एका कंपनीत नुकताच लागलो. पहिल्याच पत्रात मी ‘अ‍ॅनेक्स्ड’ लिहिलं, ते खोडून आमच्या साहेबांनी ‘अटॅच्ड’ केलं, आणि त्यांच्या वरच्यांनी तेही खोडून ‘अपेंडेड’. बाबा म्हणतात, सगळ्यांचा अर्थ ‘जोडलेलं’ एवढाच. मग इतके शब्द कशाला? – एक वाचक, सुदामानगर

उत्तर : बाबा म्हणतात ते कोशापुरतं बरोबर आहे. पण या तिन्ही शब्दांच्या पोटात हाताची एकेक वेगळी क्रिया आहे. ती डोळ्यांपुढे आली की कुठे कुठला शब्द, हे कुणाला विचारावं लागत नाही. मी बत्तीस वर्षं कचेरीत इंग्रजी कागदांचं हिंदी आणि हिंदीचं इंग्रजी करत होते. हे शब्द मला कोशाच्या आधी कागदांनीच शिकवले.

सुरुवात ‘अ‍ॅड’पासून करू. लॅटिनमध्ये ‘अद्’ म्हणजे ‘-कडे’, आणि त्याच्यापुढे देणं-ठेवणं या अर्थाचा धातू. कुणाकडे तरी आणखी काही देणं, इतकी साधी गोष्ट. या ‘अद्’ची खोड अशी की पुढच्या अक्षराला तो स्वतःला मिळवून घेतो. प आला की ‘अप्’, न आला की ‘अन्’, ग आला की ‘अग्’. आपल्याकडे सत् आणि जन मिळून सज्जन होतो, उत् आणि लेख मिळून उल्लेख होतो, तोच प्रकार. शाळेत व्यंजनसंधी ज्यांनी मन लावून केला त्यांना इंग्रजीतली ही दुहेरी अक्षरं कधी चुकू नयेत. अ‍ॅग्रिगेट म्हणजे कळपात आणून सोडणं, अक्युम्युलेट म्हणजे ढिगावर टाकणं.

आता ‘अपेंड’. ‘पेंडेरे’ म्हणजे लटकवणं. युरोपात जुन्या सनदांना मेणाचा शिक्का कागदावर उमटवत नसत, चर्मपत्राच्या खालच्या कडेला दोरी किंवा पट्टी ओवून त्यावर तो लटकवत. इंग्लंडच्या राजाने १२१५ साली दिलेल्या मॅग्ना कार्टालाही असाच शिक्का होता. म्हणजे मजकूर संपला की खाली लोंबणारी जी वस्तू, ती अपेंड केलेली. अपेंडिक्स तिथलाच. पोटातल्या अपेंडिक्सला आपण आंत्रपुच्छ म्हणतो, तेही लोंबतंच.

याच धातूचे पेंडिंग, डिपेंड, सस्पेंड हे शब्द घ्या आणि शेजारी आपला ‘लम्ब्’ धातू ठेवा. डिपेंड म्हणजे अवलंबून, सस्पेंड म्हणजे निलंबित, आणि जे काम पेंडिंग पडलं त्याला झाला विलंब. दोन्हीकडे लटकणंच. हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या दिवशी मी टेबलावरचं काम बाजूला सारून सगळे शब्द एका पाठकोऱ्या कागदावर मांडले होते. तो कागद अजून माझ्या कोशात आहे.

अपेंडिक्सला आपण परिशिष्ट म्हणतो, त्याचं चित्र मात्र निराळं. ‘शिष्’ म्हणजे उरणं. शेष, अवशेष, उच्छिष्ट ही त्याची भावंडं. इंग्रजाने पुस्तकाच्या शेवटी काही लटकवलं, आपण ‘एवढं सांगायचं उरलं’ म्हणून मांडलं. मला आपला शब्द जास्त खरा वाटतो, कारण पुस्तक लिहिणाऱ्याच्या मनात शेवटी तीच भावना असते.

शिक्क्यांचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. शिवाजी महाराजांच्या पत्रांत वर मोठी मुद्रा असते आणि मजकूर संपतो तिथे एक लहान मोर्तब : ‘मर्यादेयं विराजते’. ही इथली मर्यादा. तिच्याखाली कुणी एक ओळ जरी घुसडली तरी ती परकी, हे पाहणाऱ्याला तिथल्या तिथे कळे. शिक्कामोर्तब हा शब्द आपण रोज वापरतो, पण त्यातला मोर्तब भर घालू न देण्यासाठी असतो, हे ध्यानात राहत नाही.

‘अ‍ॅनेक्स’मध्ये ‘नेक्तेरे’ आहे, म्हणजे बांधणं, गाठ मारणं. कनेक्ट त्याचा भाऊ. मी कामाला लागले तेव्हा पहिल्या दिवशी वरिष्ठ बाबूंनी मला पेन दिलं नाही, दाभण दिलं. कागदांच्या गठ्ठ्याच्या डाव्या कोपऱ्यात, कडेपासून बोटभर आत दाभण आरपार घालायचं, भोकातून टॅग ओवायचा आणि मागे गाठ घ्यायची. टॅग म्हणजे दोन्ही टोकांना पत्र्याची टोपी असलेली हिरवी किंवा पांढरी दोरी. आमच्याकडे याला ‘नत्थी करना’ म्हणत. ते नाथण्यावरून आलं, बैलाच्या नाकात वेसण ओवतात त्यावरून. आपल्या नाकातली नथ त्याच घरची. याचिकेला जोडलेले पुरावे या दोऱ्यात ओवले जात आणि प्रत्येकावर अ‍ॅनेक्श्चर पी-१, पी-२ असे आकडे पडत. बांधलेला कागद स्वतःच्या पायावर उभा असतो, त्याला स्वतःची तारीख असते, स्वतःची सही असते. तो मूळ कागदाचा भाग होतो तो गाठीमुळे.

राज्यंही अशीच बांधली गेली. डलहौसीने १८४८ साली सातारा आणि १८५४ साली नागपूर व झाशी घेतली, त्याला इंग्रजीत अ‍ॅनेक्सेशन म्हणतात आणि आपण खालसा करणं म्हणतो. होळकरांचं इंदूर मात्र १९४८ साली मध्यभारतात विलीन झालं, त्याचं इंग्रजी ‘मर्जर’. ‘मर्ज’ म्हणजे मुळात पाण्यात बुडवणं, आणि विलीन म्हणजे विरघळलेलं. गाठ सुटू शकते, विरघळलेलं वेगळं काढता येत नाही. शाळेत मुलांना हे दोन शब्द एकाच अर्थाने शिकवतात, ते मला सहन होत नाही.

राहिला ‘अटॅच’. हा जुन्या फ्रेंचमधून आला, आणि त्याच्या मुळाशी खुंटा आहे, जमिनीत रोवलेला लाकडी खुंटा. इंग्रजीत त्याचा पहिला अर्थ कागद जोडणं नव्हता, कायद्याने माणूस किंवा माल ताब्यात घेणं हा होता. तो अर्थ आजही जिवंत आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत निकालाआधीच्या अटॅचमेंटची तरतूद आहे, आणि तिथे अटॅचमेंट म्हणजे जप्ती. आमच्या हिंदीत कुर्की. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका आदेशाचं हिंदी करताना मी ‘संपत्ति संलग्न की जाती है’ असं लिहिलं. कागद गेला. चार दिवसांनी देपालपूरकडचा एक म्हातारा शेतकरी तो कागद घडी घालून टोपीत ठेवून आला आणि मला म्हणाला, ‘‘बाईजी, मेरा खेत किसके साथ जोड़ दिया?’’ त्याला वाटलं शेजाऱ्याच्या शेताला जोडलं. शेत जप्त आहे, ते विकता येणार नाही, हे त्याला माझ्या तोंडून कळलं. कागदावरून कळायला हवं होतं. त्या दिवसापासून मी अटॅच हा शब्द दिसला की आधी विचारते, खुंटा कुणाच्या दारात ठोकलाय?

इटालियनमध्ये हाच शब्द लढाईसाठी वापरू लागले, आणि त्यातून इंग्रजीत अ‍ॅटॅक आला. आपणही लढाई जुंपली म्हणतोच, बैल जुंपल्यासारखी.

तेव्हा तुमच्या पत्राबद्दल. ई-मेलसोबत वेगळी फाईल पाठवली असेल तर अटॅच्ड. पाकिटात दुसरा कागद घातला असेल तर एन्क्लोज्ड. क्रमांक देऊन पुरावा म्हणून लावलेला दस्तऐवज असेल तर अ‍ॅनेक्स्ड. तुमच्याच अहवालाच्या शेवटी तुम्हीच केलेला तक्ता असेल तर अपेंडेड. तुम्ही काय पाठवलं होतं ते लिहिलं नाहीत, पण तिघांपैकी कोण बरोबर होतं ते आता तुम्हीच ठरवू शकाल.

प्रश्न : परीक्षेच्या वेळी आम्ही ‘पुरवणी’ मागायचो, आता मुलं ‘सप्लिमेंट्री’ मागतात. पुरवणी हा सप्लिमेंटचा केलेला अनुवाद आहे का? आणि कॉम्प्लिमेंट त्याहून वेगळा कसा? – एक निवृत्त शिक्षक, लोकमान्यनगर

उत्तर : सर, अनुवाद नव्हे, पुरवणी आणि सप्लिमेंट हे दोन शब्द एकमेकांचे लांबचे नातेवाईक आहेत. सप्लिमेंट ‘सप्लेरे’वरून आला. ‘सुब्’ म्हणजे खालून, ‘प्लेरे’ म्हणजे भरणं. भांडं रिकामं आहे तिथून काठापर्यंत भरून आणणं, असा अर्थ. सप्लाय हाही तोच शब्द. आणि आपला पुरवणं संस्कृत ‘पूरयति’वरून, त्याचाही अर्थ भरणं. १७८६ साली विल्यम जोन्सने कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळाच्या असल्याचं मांडलं, त्या कुळातला हा धातू. इंग्रजीच्या स्वतःच्या शाखेत त्यातला प फ होतो : पितृ–फादर, पाद–फूट, तसा पूर्ण–फुल. म्हणजे बसच्या कंडक्टरने ‘फुल’ म्हटलं तरी तो आपलाच धातू बोलतो.

मराठीत या एका धातूने किती संसार मांडलाय! नदीला पूर येतो. जेवताना आपण ‘पुरे’ म्हणतो, म्हणजे भरलं. भरपूर, पुरेसा, पूरक. आपल्या मध्य प्रदेशात एखाद्या विषयात राहिलेल्या मुलाला ‘पूरक परीक्षा’ देता यायची, तीच सप्लिमेंटरी. आणि सगळ्यांत गोड म्हणजे पुरण.

पुरण म्हणजे भरण, दुसरं काही नाही. माझी आई होळीला दोन शेर डाळीचं पुरण घालायची. हरभऱ्याची डाळ शिजली की कट काढून ठेवायचा, गूळ घालून पातेलं पुन्हा चुलीवर, आणि झारा उभा राहिला की झालं. मग जायफळ, वेलची, आणि गरम असतानाच पुरणयंत्रातून काढायचं. कणकेची पारी तळहातावर घेऊन तिच्यात पुरण भरताना आई म्हणायची, पारीपेक्षा पुरण कमी पडलं तर ती नुसती गोड पोळी. हे सांगायचं कारण, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. कॉम्प्लिमेंट म्हणजे जे आल्याशिवाय वस्तू पुरीच होत नाही. पुरण हे त्या पोळीचं कॉम्प्लिमेंट. पानात पडल्यावर वरून सोडलेलं तूप हे सप्लिमेंट, पोळी त्याच्याआधीही पोळी होती. उत्तरपत्रिका पहिल्या पानांतच भागली तरी ती उत्तरपत्रिकाच असते, म्हणून जादा कागद हा सप्लिमेंट.

‘आय’ घालून लिहितात तो कॉम्प्लिमेंट, म्हणजे स्तुती, हाही त्याच लॅटिन शब्दाचा, फक्त इटलीवरून फिरून आलेला : सौजन्याची भरपाई पुरी करणं. लग्नपत्रिकेवर या दोन स्पेलिंगांची अदलाबदल झालेली मी अनेकदा पाहिली आहे. छपाईला देण्याआधी एकदा बघून घ्यावं.

प्रश्न : इन्क्रिमेंट आणि ऑगमेंट, दोन्ही वाढच ना? – बँकेतील एक कर्मचारी

उत्तर : हो, पण वाढीची चाल वेगळी. इन्क्रिमेंटमधला ‘क्रेस्केरे’ म्हणजे उगवून वाढणं, आणि क्रेसेंट म्हणजे वाढती चंद्रकोर. कलेकलेने वाढतं ते इन्क्रिमेंट. सातव्या वेतन आयोगात वर्षाला ३ टक्के मिळतात, ती कलाच. ऑगमेंटचा धातू संस्कृतातल्या ‘ओजस्’चा सख्खा, त्यात जोर आहे. जलूदहून नर्मदेचं पाणी इंदूरला येतं, त्याचा नवा टप्पा टाकून क्षमता वाढवतात तेव्हा कागदोपत्री ऑगमेंटेशन लिहितात, आणि बरोबर लिहितात. बोली चढत जाते तो ऑक्शनही याच धातूचा. आपला लिलाव मात्र पोर्तुगीजांकडून आलेला.

प्रश्न : नातू तिसरीत आहे. त्याने विचारलं, आजी, अधिकचं चिन्ह असं फुलीसारखं का, आणि बेरजेला ‘सम’ का म्हणतात? मला काही सांगता येईना. – एक आजी, रामबाग

उत्तर : आजी, नातवाला सांगा की ‘सम’ म्हणजे शिखर. समिट त्याचाच. रोमन लोक आकड्यांची उतरंड खालून वर मोजत आणि आलेली बेरीज सगळ्यांत वर लिहीत, म्हणून वरची ती ‘सुम्मा’. आपण रेघ मारून खाली लिहितो. त्याला एकदा पाच आकडे देऊन रोमन पद्धतीने वर बेरीज लिहायला सांगा, मग तो विसरणार नाही.

चिन्हाचं असं की लॅटिनमध्ये ‘आणि’ला ‘एत्’ म्हणत, आणि लिहिणाऱ्यांनी घाईघाईत त्यातल्या ‘त्’ची उरवलेली फुली म्हणजे हे चिन्ह, असं मानतात. छापील पुस्तकात ते योहान्नेस विडमानने १४८९ साली लाइपत्सिगला आणलं, आणि इंग्रजीत रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ साली. बरोबरीच्या दोन समांतर रेघाही त्याच पुस्तकातल्या. प्लस म्हणजे नुसतं ‘जास्त’, आणि वर सरांना सांगितलेल्या पूर्णच्या कुटुंबातच त्याची जागा आहे.

एक गंमत नातवासाठी राखून ठेवा. १८८१ साली पेशावरजवळ बख्शाली गावात भूर्जपत्रांवरचं जुनं गणित सापडलं, ते आता ऑक्सफर्डला आहे. त्यात अशीच फुली आहे, पण ती आकड्यानंतर लावली की तो आकडा ऋण! आणि बेरजेसाठी लिहिलंय ‘यु’, म्हणजे युत, जोडलेलं. इंदूरच्या दुकानात हिंदी बिलावर खाली ‘कुल योग’ छापलेलं असतं ना, तो योग त्याच बिरादरीतला. इंग्रजी जॉइन आणि जंक्शन योगाच्या धातूचे, बैलांच्या मानेवरचं जू आणि इंग्रजी योक हेही. दोन बैल एका जुवाला आले की बेरीज झाली.

प्रश्न : माझ्या आत्याने तीन वर्षांपूर्वी मृत्युपत्र केलं. आता तिला आपल्या पाटल्या नातसुनेला द्यायच्या आहेत, ज्यांचा त्यात उल्लेखच नाही. वकील म्हणाले, कोडिसिल करा. हा शब्द कुठला? मूळ कागदाच्या खालीच दोन ओळी लिहिल्या तर चालणार नाही का? – एक वाचक, इंदूर

उत्तर : नाही, खाली लिहू नका. आधी शब्द सांगते, म्हणजे कारण समजेल. लॅटिन ‘कोडेक्स’ म्हणजे झाडाचं खोड. खोडाच्या फळ्या काढून त्यांवर मेण थापत आणि त्यावर लिहीत, म्हणून पुढे कोडेक्स म्हणजे ग्रंथ झाला. कायद्याचा ‘कोड’ही तिथून. कोडिसिल म्हणजे लहानसा कोडेक्स, छोटी फळी. म्हणजे पहिल्या फळीच्या कडेला केलेला गिचमिडा लेख नव्हे, दुसरी स्वतंत्र फळी. आपल्या कायद्याच्या हिंदीत याला क्रोडपत्र म्हणतात. क्रोड म्हणजे कूस, मांडी. मोठ्या कागदाच्या मांडीवर बसलेला लहान कागद. बत्तीस वर्षांत भाषांतर केलेल्या शब्दांत इतका मायाळू शब्द मला दुसरा भेटला नाही.

१९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमात कोडिसिलची व्याख्याच अशी आहे की मृत्युपत्रातल्या तरतुदी स्पष्ट करणारा, बदलणारा किंवा त्यात भर घालणारा लेख, आणि तो मृत्युपत्राचाच भाग धरायचा. भाग धरायचा म्हणून नियमही तेच. आत्यांची सही, आणि ती होताना पाहणाऱ्या किमान दोन साक्षीदारांच्या सह्या. जुन्या कागदावर सहीनंतर केलेली खाडाखोड किंवा ओळींमधली भर पुन्हा तशीच सह्या-साक्षीदारांसह केली नसेल तर लागू होत नाही. आत्यांची सही हीच त्या कागदाची मोर्तब, तिच्याखालची जागा बंद झाली.

कोडिसिलला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही, पण मूळ मृत्युपत्र नोंदवलेलं असेल तर हेही नोंदवून घ्या. वरच जुन्या मृत्युपत्राची तारीख लिहा, बाकीच्या तरतुदी कायम आहेत हे लिहा. पाटल्या किती, वजन किती तोळे, कोणत्या घडणीच्या, हे लिहा, कारण घरात पाटल्यांच्या दोन जोड्या असल्या की पुढे घोळ होतो. साक्षीदार म्हणून नातसुनेला किंवा तिच्या नवऱ्याला घेऊ नका, शेजारचे दोघं बोलवा. आणि लिहून झालं की तो कागद मृत्युपत्राच्या पाकिटातच ठेवा, कपाटात वेगळ्या खणात नको.